बाहुली कुणाच्या हातात?

शिक्षकांच्या बैठकीत बाहुल्यांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य येतं. टेबल आडवं केलेलं, त्यावर चादर, चादरीमागे शिक्षक किंवा एखादा पाहुणा कलाकार आणि समोर मांडी घालून बसलेला वर्ग. आवाज बदलून संवाद म्हटले जातात, मुलं खिदळतात, टाळ्या वाजतात आणि तास संपतो. यात वाईट काहीच नाही. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाने महाराष्ट्रातल्या पिढ्यांना हसवलं आहे. बोलक्या बाहुलीची भुरळ पडत नाही असं मूल विरळाच. पण करमणूक हा एक हेतू झाला आणि भाषा शिकणं हा दुसरा. पहिली-दुसरीच्या वर्गाबरोबर काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. बाहुलीचा भाषेच्या तासाला होणारा मोठा फायदा मुलाने गोष्ट पुन्हा सांगण्यात असतो. शिक्षकाने ती रंगवून सांगण्यात त्याचा लहानसा वाटा असतो. आणि हा फायदा पुरता पदरात पडायचा तर बाहुली त्या मुलानेच केलेली हवी, मग ती कितीही वेडीवाकडी असो. हे मत ऐकायला सोपं वाटतं, पण त्याप्रमाणे वागायचं ठरवलं तर वेळापत्रकापासून शैक्षणिक साहित्याच्या कपाटापर्यंत बऱ्याच गोष्टी हलवाव्या लागतात. म्हणून त्यामागची कारणं नीट मांडून पाहणं आणि त्यावरच्या आक्षेपांना उत्तरं देणं गरजेचं वाटतं.

आधी पुन्हा सांगण्याबद्दल. गोष्ट सांगून झाल्यावर आपण वर्गात जे प्रश्न विचारतो ते बहुधा एका शब्दात संपणारे असतात. म्हातारी कुणाकडे निघाली होती? लेकीकडे. वाटेत कोण भेटलं? कोल्हा. परत कशात बसून आली? भोपळ्यात. वर्ग एका सुरात उत्तरं देतो आणि गोष्ट समजली अशी आपली खात्री पटते. प्रत्यक्षात ही सगळी उत्तरं देणाऱ्या मुलाला ‘आता तू सांग’ म्हटलं की दोन वाक्यांत गाडी अडते. कारण सुटे तपशील लक्षात असणं आणि ते कशामुळे काय घडलं या क्रमाने लावता येणं, या दोन वेगळ्या क्षमता आहेत. दुसरी क्षमता आली तरच मूल पुढे धड्यातला उतारा स्वतः वाचून समजू शकतं. अमेरिकेत लेस्ली मँडेल मॉरो यांनी १९८५ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोष्ट ऐकल्यावर काही मुलांनी ती पुन्हा सांगितली, काहींनी तिचं चित्र काढलं. सांगणाऱ्या मुलांची समज, गोष्टीच्या रचनेची जाण आणि बोलण्यातली वाक्यरचना सुधारली. मात्र ही सुधारणा ठळकपणे दिसण्यासाठी सराव पुन्हा पुन्हा व्हावा लागला आणि मोठ्या माणसाने थोडी वाट दाखवावी लागली. मॉरो यांनी सांगणं तपासताना जे घटक पाहिले तेही उपयोगाचे आहेत: गोष्ट कुठे, कधी आणि कुणाची, तिचा मुख्य पेच कोणता, प्रसंग कोणते, शेवट कसा आणि या सगळ्याचा क्रम. घटक चाचणीच्या रकान्यांत हे मावत नसेल, पण ‘आकलन झालं का’ या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर याच्याइतकी नेमकी यादी हाताशी असणं मोलाचं आहे.

मग मुलं नुसत्या तोंडाने का सांगत नाहीत, बाहुली कशाला हवी? सहा-सात वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगताना एकाच वेळी बरंच सांभाळावं लागतं: पुढचा प्रसंग आठवायचा, शब्द जुळवायचे, बोलणारा कोण ते बदलायचं आणि समोरच्यांच्या नजरा सोसायच्या. बाहुली यातला काही भार हातावर घेते. हातात कोल्हा असला की आता कोल्हा बोलणार हे वेगळं आठवावं लागत नाही. या समजुतीला आधार देणारे दोन अभ्यास आहेत. अँथनी पेलेग्रिनी आणि ली गाल्डा यांनी १९८२ मध्ये बालवाडी ते दुसरीच्या मुलांना गोष्ट ऐकवून तीन गटांना वेगवेगळी कामं दिली. एका गटाने गोष्ट खेळून पाहिली, दुसऱ्याने तिच्यावर चर्चा केली, तिसऱ्याने चित्र काढलं. लहान वयाच्या मुलांत खेळून पाहणाऱ्या गटाला गोष्ट सर्वांत चांगली समजली. २००४ मध्ये आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांपुढे शेतावरची खेळणी मांडली आणि छोटे उतारे वाचायला दिले. वाचलेल्या वाक्याप्रमाणे खेळणी हलवणाऱ्या मुलांच्या लक्षात उतारा जास्त राहिला. खेळणी नुसती पाहून वाक्य पुन्हा वाचणारी मुलं मागे पडली. या दोन्ही ठिकाणी हाताने केलेल्या बाहुल्या नव्हत्या हे खरं. पण गोष्टीतली माणसं आणि जनावरं मुलाने स्वतः हलवली की अर्थ पक्का होतो, इतकं तरी त्यातून निघतं. ग्लेनबर्ग यांच्या निष्कर्षातला एक भाग आपल्या मुद्द्याला थेट लागू आहे. खेळणी डोळ्यांपुढे असणं पुरेसं ठरलं नाही, ती हलवावी लागली. टेबलामागून शिक्षक बाहुली नाचवतात तेव्हा वर्गातली मुलं पाहणाऱ्यांच्या जागी असतात.

बाहुलीचा दुसरा गुण म्हणजे तिच्या मर्यादा. मुलाला हात दोनच असतात. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत एका हातात म्हातारी सतत लागते, म्हणजे दुसऱ्या हातावर कोल्हा, वाघ, अस्वल पाळीपाळीने यावे लागतात. एक गेल्याशिवाय दुसरा येऊ शकत नाही. तोंडी सांगताना मूल ‘तिला कोल्हा, वाघ, अस्वल भेटले’ असं एका दमात उरकतं आणि गोष्टीतला जीवच निघून जातो. हातावर सांगताना तीन भेटी वेगवेगळ्या होतात, प्रत्येक भेटीला आरंभ आणि शेवट येतो. तिसऱ्या भेटीपर्यंत सांगणाऱ्यालाही तेच तेच म्हणण्याचा कंटाळा येतो आणि मूल ‘त्याने पण तसंच विचारलं, तिने पण तसंच सांगितलं’ असं म्हणून पुढे सरकतं. कुठे सविस्तर सांगायचं आणि कुठे आटोपतं घ्यायचं हे निबंधाच्या तासाला वर्षानुवर्षं समजावूनही जे उमजत नाही, ते इथे हात अवघडल्यामुळे उमजतं. पुढे म्हातारी लेकीकडे पोहोचते. लेकीची बाहुली करायला मुलं बहुधा विसरतात, कारण ऐकताना ती बिनमहत्त्वाची वाटलेली असते. आता बोलायला समोर कुणी नाही. म्हातारी तिथे बरेच दिवस राहिली, तूप-रोटी खाऊन जाड झाली, हे सगळं मुलाला स्वतःच्या आवाजात सांगावं लागतं. संवाद आणि निवेदन असे दोन आवाज गोष्टीत असतात, याचा अनुभव त्याला तिथे येतो. काही मुलं लेकीची बाहुली करायची राहिली म्हणून परत कागद-कात्री घेऊन बसतात. तेही बरोबरच आहे, कारण गोष्टीला कोण कोण लागतं याचा विचार त्यांनी नव्याने केलेला असतो.

इथेच बाहुली स्वतः करण्याचं महत्त्व सुरू होतं. तयार संच हातात दिला की गोष्टीत कोण आहे, ते कसं दिसतं, त्याला काय काय करावं लागतं या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्याच कुणीतरी देऊन ठेवलेली असतात. स्वतः करायची म्हटलं की ती उत्तरं गोष्टीत शोधावी लागतात. जुन्या मोज्याच्या बाहुलीला तोंड असतं. अंगठा आणि चार बोटं मिटली-उघडली की ती बोलते, पण तिला काही धरता येत नाही. हातमोजा बाहुलीत तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत असतं; ती काठी धरू शकते, दार ठोठावू शकते, पण तिचं तोंड हलत नाही. पुठ्ठ्यावर चित्र काढून खराट्याच्या काडीवर चिकटवलेली काठीबाहुली चालते आणि वळते, याहून फारसं काही करत नाही. बोटबाहुल्या एका हातावर पाच मावतात, म्हणून घोळक्याच्या गोष्टीला त्या बऱ्या. यातली कोणती निवडायची हे ठरवायचं तर वाघ गोष्टीत नुसता बोलतो की काही करतोही, हे पाहावं लागतं. म्हातारीला भोपळ्यात बसवायचं कसं, हा तर मोठाच पेच असतो. कुणी कागदी पिशवीला नारिंगी रंग देऊन त्यात बोटबाहुली लपवतं, कुणी भोपळ्याला मागून खिडकी कापतं. जाड झालेली म्हातारी दाखवायला लुगड्यात चिंध्या कोंबल्या जातात. हे सगळं करता करता गोष्टीतलं मर्म हाताखालून जातं. म्हातारी जाड व्हायलाच हवी, कारण त्याच बोलीवर वाघाने तिला सोडलं होतं. आणि भोपळ्यात कोण आहे ते आपल्याला ठाऊक असतं, वाघाला ठाऊक नसतं, यातच गंमत आहे. ज्या मुलाने भोपळ्याची पिशवी स्वतः केली त्याला हे दुसऱ्याने समजावून द्यावं लागत नाही.

मराठीत सांगताना आणखी एक गोष्ट घडते. आपल्या भाषेत बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदात उमटतं. हातावर म्हातारी चढली की मुलगासुद्धा ‘मी जाते’, ‘मी येते’ म्हणू लागतो; मुलगी वाघ झाली की ‘मी तुला खातो’ म्हणते. पिल्लू बोलू लागलं तर काय करायचं, यावर गटात वाद होतो. व्याकरणाच्या तक्त्यावरून ही रूपं पाठ करून घेता येतात, पण दुसऱ्याच्या जागी उभं राहून ती सहज वापरण्याचा सराव बाहुली देते. तीच गोष्ट तू-तुम्हीची. कोल्ह्याने म्हातारीला ‘ए म्हातारे’ म्हणायचं की ‘आजी’? लबाड असेल तर तो ‘आजी’ म्हणेल, असं मुलंच सुचवतात, आणि मग कोल्हा आणि वाघ यांच्या बोलण्यात फरक पडतो. याहून मोलाचा भाग घरच्या बोलीचा आहे. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, खानदेशात अहिराणी, तळकोकणात मालवणी बोलणारी मुलं शाळेत आली की पुस्तकातली मराठी ऐकून बरीचशी गप्प होतात. त्यांना गोष्ट कळलेली असते, तिला लागणारे शब्द घरच्या बोलीत असतात. म्हातारीच्या बाहुलीने घरच्या आजीसारखं बोललं तर ते कुणाला चुकीचं वाटत नाही, कारण बोलते आहे म्हातारी. निवेदन पुस्तकी मराठीत आणि संवाद बोलीत, अशी वाटणी मुलं आपसूक करतात. मराठीतल्या किती तरी कथा-कादंबऱ्यांनी हीच वाटणी स्वीकारली आहे. यातून प्रमाण भाषा मागे पडते असा अनुभव नाही; उलट दोन्ही भाषा शेजारी ठेवून बोलण्याची सवय लागली की मूल प्रमाण भाषेकडे न घाबरता वळतं.

महाराष्ट्रातली जुनी बाहुली-परंपराही या बाजूनेच साक्ष देते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर कलावंतांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या. सावंतवाडी संस्थानाचा या कलांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी तिथे या कलांचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत तर काही हलतही नाही. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून लोकांपुढे धरली जातात आणि वाद्यांच्या साथीने कथा गाऊन-बोलून सांगितली जाते. चित्र हे सांगणाऱ्याला धरून ठेवणारं साधन. कथा त्याच्या तोंडात असते. वस्तू करणारे हात आणि गोष्ट सांगणारं तोंड एकाच घरात असणं ही या परंपरेची रीत. शाळेने बाहुली उचलली तेव्हा ही जोडी फुटली: बाहुल्या दुकानात किंवा प्रशिक्षणात तयार होतात, गोष्ट शिक्षक सांगतात आणि मुलं प्रेक्षक राहतात. शासनाला या साधनाची जाण नाही असं मुळीच नाही. १९७९ साली स्थापन झालेलं दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र शिक्षकांना बाहुल्या करायला शिकवत आलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, खेळणी आणि गोष्टी यांना पायाभूत टप्प्यात जागा दिली आहे. अडचण पुढे येते. शिकून आलेले शिक्षक सुबक बाहुल्या करतात, त्या कपाटात जातात आणि कुणी तपासणीला आलं की बाहेर निघतात. मुलांनी हाताळल्या तर मोडतील, ही भीती खरीच असते. मुलांच्या स्वतःच्या बाहुल्यांना ती भीती नसते. मोडली तर दुसरी होते.

पहिला आक्षेप वेळेचा आणि पटाचा. धडे संपवायचे असतात, कागदपत्रं भरायची असतात, द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळायच्या असतात. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलं आहे. तेवढ्या मुलांनीही एकेक करून गोष्ट सांगायची म्हटली तर आठवडा जाईल. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो शिक्षकाने सगळं ऐकायलाच हवं या गृहीतावर उभा आहे. चार-पाच मुलांच्या गटात दोघं सांगतात आणि बाकीची ऐकतात, मग जागा बदलतात. सगळा वर्ग एकाच वेळी गोष्ट सांगू शकतो. ऐकणारी मुलं ढिली बसत नाहीत, कारण ‘अरे, अस्वल राहिलं!’ असं सांगणारी तीच असतात. शिक्षकाने रोज एका गटाजवळ बसलं तरी आठवड्याभरात सगळा वर्ग कानाखालून जातो. बाहुली करण्याचा वेळ भाषेच्या तासातून काढायचं कारण नाही; कला आणि कार्यानुभवाचे तास त्यासाठीच आहेत. आणि दर आठवड्याला नवी गोष्ट, नव्या बाहुल्या असा हट्ट धरला तर कोणताही शिक्षक थकेल. मॉरो यांच्या अभ्यासाचा रोख पाहिला तर थोड्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणं जास्त उपयोगी. एकाच कोल्ह्याला म्हातारीच्या गोष्टीत, द्राक्षांच्या गोष्टीत आणि कावळ्याच्या गोष्टीत काम मिळतं. तीन गोष्टींतला कोल्हा एकाच स्वभावाचा आहे का, हा प्रश्नही मग आपोआप उभा राहतो. बहुवर्ग शाळेत तर मोठी मुलं लहानांना सांगतात आणि दोन्ही वर्गांचं काम एकदम होतं.

दुसरा आक्षेप सुबकतेचा आहे आणि तो दोन बाजूंनी येतो. बाहुली कलावंत म्हणतात की मोज्याला दोन बटणं शिवली म्हणजे बाहुलीकला होत नाही. त्यांचं खरं आहे. कळसूत्री बाहुली चालवायला वर्षानुवर्षांची साधना लागते आणि शाळेने त्या कलेशी बरोबरी सांगू नये. शक्य असेल तिथे मुलांनी खऱ्या कलावंतांचा प्रयोग पाहावा. चांगलं पाहिल्याशिवाय चांगलं करण्याची भूक लागत नाही. पण वर्गातल्या बाहुलीचं काम प्रेक्षकांना रिझवणं हे नसून सांगणाऱ्याला सांगतं ठेवणं हे आहे, म्हणून तिला वेगळ्या मापाने मोजावं लागतं. दुसऱ्या बाजूने पालक आणि कधी कधी शाळाही सुबक वस्तूंची मागणी करतात. प्रकल्प म्हणून बाहुली घरी करायला दिली की ती आई-बाबा रात्री जागून करतात किंवा स्टेशनरीच्या दुकानातून येते. ती प्रदर्शनात शोभते, मुलाला मात्र तिचं नावही सांगता येत नाही. स्नेहसंमेलनात तर संवाद लिहून दिले जातात, पाठ करून घेतले जातात आणि एखादा शब्द चुकला की मूल रडवेलं होतं. तिथे बाहुली मुलाच्या हातात असते, पण गोष्ट त्याच्या हातात नसते. यावर उपाय साधा आहे. बाहुल्या वर्गातच व्हाव्यात, मोजे, लग्नपत्रिका, पुठ्ठा, चिंध्या, लोकर, बाटल्यांची बुचं, मैद्याची खळ एवढ्या सामानात व्हाव्यात, आणि शिक्षकांनी कात्री धरायला मदत करण्यापलीकडे आपली कला दाखवू नये. वाघाला एकच डोळा असेल तर असू द्यावा. त्या डोळ्याचं कारण मुलाकडे तयार असतं, आणि कारण सांगणं हीही भाषाच आहे.

तिसरा आक्षेप शिस्तीचा आणि गोष्ट बिघडण्याचा. बाहुल्या हातात आल्या की मारामारी सुरू होते, वाघ कोल्ह्याला बडवतो, गोंगाट होतो. शिवाय मुलं गोष्ट मनाप्रमाणे बदलतात. गोंगाट होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. एकाच वेळी सहा गट बोलत असले की आवाज होणारच, आणि भाषेच्या तासाला मुलांच्या बोलण्याचा आवाज हा त्रास समजायचा की काम चालू असल्याची खूण, हे आपणच ठरवायचं आहे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीचा वर्ग हातात घेतो तेव्हा गोष्टीपासूनच सुरुवात करतो, आणि वर्गाची घडी त्याच ओढीवर बसत जाते. बाहुल्यांची मारामारीही बहुधा सुरुवातीचीच असते. हातात काय आलं हे अजमावून झालं की मुलांना गोष्ट हवी असते. बदलाबाबत मात्र दोन प्रकार वेगळे करायला हवेत. मूल प्रसंग विसरलं म्हणून गोष्ट बदलली असेल तर गटाने आठवण करून द्यावी. त्याने जाणून बदलली असेल, म्हणजे चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत चिमणीने दार उघडून कावळ्याला लगेच आत घेतलं असेल, तर ‘मग पुढे काय होईल?’ असं विचारावं. लगेच दार उघडलं तर गोष्ट तिथेच संपते, हे मुलाच्या ध्यानात येतं आणि चिमणी इतका वेळ सबबी का सांगत होती ते कळतं. लोककथा अशाच सांगणाऱ्यागणिक बदलत आल्या आहेत. कुणाच्या गोष्टीत आधी कोल्हा भेटतो, कुणाच्या आधी वाघ. याच्याच जोडीला लाजऱ्या मुलांबद्दल एक दावा केला जातो, की बाहुलीमागे दडलं की प्रत्येक मूल बोलू लागतं. तो मला अतिशयोक्त वाटतो. काहींना ती आड मिळते आणि ती बोलतात. काहींना बाहुली घेऊनही चौघांपुढे बोलणं जड जातं. अशा मुलाने शेजारच्या एकाला सांगितलं तरी पुरे, किंवा दुसरा सांगत असताना त्याने नुसता भोपळा ढकलावा. हात चालू असेल तर गोष्ट त्याच्याही मनात चालू असते.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाहुली ही कुबडी होणार नाही का? शेवटी मुलाने छापील मजकूर वाचून समजायचा आहे, आणि तिथे मोजे नसतात. पेलेग्रिनी आणि गाल्डा यांनाही दुसरीच्या मुलांत खेळून पाहण्याचा वेगळा फायदा लहानांइतका दिसला नव्हता. म्हणजे वय वाढेल तशी या साधनाची गरज कमी होत जाते, आणि चौथी-पाचवीला तोच कोल्हा, तोच भोपळा चालू ठेवणं म्हणजे मुलांना मागे खेचणं आहे. मोठ्या मुलांकडून बाहुल्या घेऊन वेगळं काम करून घेता येतं: वाघाच्या बाजूने गोष्ट सांगणं, ऐकलेली गोष्ट लिहून तिचे प्रसंग पाडणं, पांढऱ्या कापडामागे बॅटरी लावून छायाबाहुल्यांनी फक्त निवेदनावर गोष्ट पेलणं. पण पहिली-दुसरीतही बाहुली बाजूला ठेवण्याचा टप्पा आधीपासूनच डोक्यात असायला हवा. ग्लेनबर्ग यांच्या अभ्यासात याचं दिशादर्शन मिळतं. खेळणी हलवून झाल्यावर मुलांना ती हलवत असल्याची नुसती कल्पना करायला सांगितली, तरी आकलनाचा लाभ टिकला. वर्गात हे असं करता येतं: एक गोष्ट बाहुल्या घालून सांगायची, तीच पुढच्या खेपेला रिकाम्या हातांनी, बाहुली आहे असं समजून, आणि मग नवी गोष्ट वाचताना ‘यातल्या कुणाची बाहुली करावी लागेल, त्यांना काय काय करता यायला हवं?’ एवढाच प्रश्न विचारायचा. बाहुल्या करून मुरलेलं मूल या प्रश्नाला उत्तर देताना पात्रं, प्रसंग आणि कारणं यांची जुळणी मनातच करतं. म्हणून बाहुल्यांचा प्रयोग यशस्वी झाला की नाही हे प्रदर्शनातल्या टेबलावरून किंवा टाळ्यांवरून ठरवू नये. न ऐकलेली गोष्ट मुलाने स्वतः वाचली आणि शेजारच्याला रिकाम्या हातांनी, क्रम न चुकवता, कोण का तसं वागलं हे सांगत ऐकवली, तर प्रयोग साधला. तिथवर पोहोचायला मुलाला जेवढ्या बाहुल्या लागतील तेवढ्या त्याने स्वतः कराव्यात, आणि आपण त्या कपाटात ठेवू नयेत.